देवाची बकरी, देवाची कुत्री

पप्पा,

आईने कुत्री देवाला दिली. अगदी रीतसर दिली, हार्वेस्टच्या दिवशी, पहिल्या पिकाच्या अर्पणात, पाळकाच्या प्रार्थनेसकट. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चर्चच्या मंडळीत तुम्हाला पाहिलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यांतल्या निम्म्यांना ऐकू येत नाही. मग ही गोष्ट सांगायची तरी कोणाला? तुम्हालाच सांगते. तसंही, सगळ्याची सुरुवात तुम्हीच करून ठेवली होती, खाप्याला पाळक असताना, त्या बकरीपासून.

तुम्ही गेलात तेव्हा हुडकेश्वरला तुरीची शेतं होती. आता माझ्या गॅलरीतून समोरच्या बाईच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. शाळेतून रिटायर झाल्यावर मी इथे तळमजल्याचं घर घेतलं, कारण आईला जिना चढवत नव्हता आणि तिला पाय टेकायला माती हवी होती. माती म्हणजे कंपाउंडमधला सतरंजीएवढा तुकडा. तिथे तिने वालाचा वेल लावला, आणि शेजारची इमारत पुरी होऊन चौकीदाराचं कुटुंब निघून गेलं तेव्हा त्यांची मागे राहिलेली कुत्री त्या वेलाखाली येऊन बसली. तपकिरी, एक कान कायम दुमडलेला, तोंडावर भाव असा की जणू आम्हीच तिच्याकडे पाहुणे आलोय. "मी नाही पाळून राहिली तिले," आई मला सांगायची, "ते आपली येते." आणि सांगता सांगता स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी दुधात कुस्करायची. नाव मात्र तिने ठेवलं नाही. जनावराला नाव द्यायचं नाही हा तुमच्या घरचा कायदा, नाव दिलं की विकताना हात कचरतो म्हणून. नावं ठेवायचं काम आदामाने उरकलंय, असं तुम्ही वर म्हणायचे. तुमच्यामागे आईने तुमचे बाकी सगळे कायदे मोडले, अगदी रविवारी टीव्ही लावण्यापर्यंत, पण हा पाळला. ती तिला नुसतं "ये वं" म्हणायची आणि ती यायची.

गेल्या पावसाळ्यानंतर आईचे पाय सुजायला लागले. डॉक्टरने तपासून मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, हृदय थकलंय, दवाखान्यात टोचत बसण्यापेक्षा घरी ठेवा, त्यांना आवडेल ते खाऊ द्या. असं बोलतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला कळतं. त्या आठवड्यापासून आमचा पाळक घरी येऊन प्रार्थना करायला लागला. तरुण आहे, नगरकडचा, स्कूटरवरून येतो, पुष्कळ वाचलेला आहे आणि तरी ऐकून घेतो, हे दोन्ही गुण एका माणसात मी कमी पाहिलेत. तो आईच्या खाटेशी उभा राहून म्हणायचा, प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो, आणि आई म्हणायची आमेन. मी मात्र त्या वेळी दुधाकडे बघायला स्वयंपाकघरात जायची. दूध उतू जात नव्हतं पप्पा. मला ते आमेन म्हणायचं नव्हतं. तुमच्या घरात आमेन या शब्दाला काय वजन होतं ते मला ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो आईसाठी प्रभुभोजन घेऊन आला. छोटी पेटी, त्यात पेले, पांढऱ्या रुमालात भाकरीचे तुकडे. त्याने रुमाल उघडला तसं आईने हात वर करून त्याला थांबवलं.

"पास्टर, एक विचारू का?"

"विचारा ना, आजी."

"हे येईन का तिकडे?" हे म्हणजे खाटेखाली पसरलेली कुत्री. तिकडे म्हणजे तिकडे.

दुसरा कोणी असता तर म्हाताऱ्या माणसाला हो म्हणून मोकळा झाला असता. हा खुर्चीवर बसला, विचार केला, आणि म्हणाला, "आजी, माणूस देवाच्या प्रतिरूपात केलेला आहे. तारणाचं वचन माणसाला आहे. जनावरात श्वास असतो, पण अमर आत्मा असतो असं आपली मंडळी शिकवत नाही."

"म्हणजे नाही."

"म्हणजे... नाही, आजी."

"कोंबडं नाही, गाय नाही, बकरी नाही?"

"तसं काही सांगितलेलं नाही."

"मंग मी सकाळी उठून करू काय तिथं?"

तो हसला. मीही हसले. आई हसली नाही. तिने रुमालाची टोकं स्वतःच्या हाताने परत दुमडली आणि म्हणाली, "ठेवा ते. मी सांगीन तेव्हा आणा."

तुम्हाला सांगायला नको की ही कोण बाई. जन्मभर शनिवारी हिने प्रभुभोजनाची पोळी भाजायची आणि रविवारी तुम्ही ती मोडायची. ताप असला तरी हिने प्रभुभोजन चुकवलं नाही. आणि आता शेवटाला, दारापर्यंत आलेली भाकरी तिने परत पाठवली. मला पहिल्यांदा राग आला, मग भीती वाटली.  मी काही तुमच्याइतकी विश्वासाची पक्की नाही, मंडळीच्या लायब्ररीपेक्षा मला शाळेची लायब्ररी जास्त आवडली. पण माझी आई रुसून, देवाशी अबोला धरून जाईल, हे मला सोसवत नव्हतं. डॉक्टरने दिवस सांगितले नव्हते. मी रोज सकाळी तिच्या पायांची सूज बघायची आणि विचारायची, आई, पास्टरला बोलावू का? ती म्हणायची, "घाई काहून करून राहिली वं?"

मी आपली हातपाय मारत राहिले. आमच्या शाळेतल्या सिस्टरला फोन केला, त्या आता वयस्कर झाल्यात आणि कॅथलिक लोकांचं या बाबतीत काय म्हणणं आहे ते मला विचारायचं होतं. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडच्या जुन्या मोठ्या शास्त्र्यांनी जनावराचा जीव शरीराबरोबरच संपतो असं लिहिलंय, पण वर्षातून एक दिवस लोक गाई, कुत्री, पोपट घेऊन येतात आणि फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. "म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "आम्ही आशीर्वाद देतो, बाई. हमी देत नाही."

पाळकही गप्प बसला नव्हता. चारेक दिवसांनी तो परत आला तो पेटी न घेता, आणि खाटेशी बसून म्हणाला की मी त्या दिवशी जरा घाईने बोललो. बायबलात एका संदेष्ट्याने देवाच्या नव्या राज्याचं चित्र काढलंय त्यात लांडगा आहे, कोकरू आहे, सिंह गवत खातोय. प्रेषित पौल म्हणतो की सगळी सृष्टी कण्हत वाट पाहतेय, नुसती माणसं नाहीत. पुष्कळ चांगले लोक यावरून असं मानतात की देव नवी पृथ्वी करेल तेव्हा तीत जनावरंही असतील. पण ती तुमची इथलीच जनावरं की नवी, हे कोणालाच सांगता येत नाही. इतकं प्रामाणिक बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आईने सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा द्यायला सांगितलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "पोट्टा चांगला आहे. पण मले त्याचं मत नाही पाहिजे. तुह्या बापाने बकरीच्या वेळेस काय म्हणलं होतं, आठवते का तुले?"

आठवतं ना. कसं विसरेन?

खाप्याचं ते लहानसं चर्च, मागे कन्हानकडे उतरत जाणारी वाट, आवारात गुडघाभर गवत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला अंगावरचं दूध मिळालं नाही म्हणून आईच्या माहेरून जी बकरी आली होती, तिचीच लेक आमच्याकडे होती, काळी, पांढऱ्या पायांची. हार्वेस्टच्या दिवशी आईने तिला गवत खायला म्हणून चर्चच्या दाराशी निंबाला बांधलं आणि स्वतः मागच्या खोलीत सगळ्यांच्या चहाला लागली. आत लोक आपापलं पहिलं पीक घेऊन आलेले. वांगी, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एका विणकराने विणलेला नवा टॉवेल. सगळं व्यासपीठापुढे मांडायचं, तुम्ही अर्पणाची प्रार्थना करायची, आणि मग बाहेर लिलाव. मंडळीच्या एका पंचांनी दारातली बकरी पाहिली, त्यांना वाटलं कोणीतरी अर्पणाला आणली आणि संकोचाने बाहेरच ठेवली. त्यांनी तिला आत आणलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि रांगेत उभी केली. तुमचे डोळे मिटलेले. तुमची प्रार्थना लांब, तिच्यात कोंबडा दोनदा आरवून घेई. मी पुढच्या चटईवर बसून एक डोळा उघडा ठेवून सगळं बघते आहे, आणि प्रार्थनेत बोलायचं नसतं म्हणून बोलत नाही. तुम्ही आमेन म्हणता, मंडळी आमेन म्हणते, तुम्ही डोळे उघडता, आणि नेमकी तेव्हाच आई हातात केटली घेऊन मागच्या दारातून आत येते.

"अवो," भर चर्चमध्ये आई म्हणाली, "ते आपली बकरी होय."

सगळे हसले. पंच शरमले, माळ काढायला धावले. "माही चूक झाली पास्टर, सोडून देतो," असं म्हणाले. तुम्ही त्यांचा हात धरलात. व्यासपीठावर तुम्ही नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण त्या दिवशी तिथंच उभं राहून घरच्यासारखं बोललात: "आता काहीच नाही होत गा. आमेन झालं." मी उठून तुमच्या झग्याला लोंबकळत म्हणाले की परत घ्या, देवाला कुठे कळणार आहे. असे डोळे तुम्ही माझ्यावर कधी वटारले नव्हते. "आमेन म्हणजे काय पोट्ट्यांचा खेळ आहे? दिल्यावर परत मागायचं नसते."

मग लिलावात तुम्हीच बोली लावली. मंडळी समजूतदार, सगळ्यांनी तोंड मिटून ठेवलं. फक्त सावनेरच्या खाणीतला एक कारकून, त्या दिवशी पाहुणा आलेला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो भरभर बोली वाढवत गेला, शेवटी त्याच्या बायकोने सदरा ओढून त्याला खाली बसवलं. बकरी घरी आली, पण आमची म्हणून नाही. ती देवाची होती. तिला विकायचं नाही, कापायचं नाही, दूध आधी गावातल्या आजाऱ्याला आणि मग आम्हाला. आई पुढे कितीतरी वर्षं तुमच्यापुढे ताट ठेवायची ते आवाज करूनच ठेवायची. "बकरी देवाची आन् चारा माह्या हातचा," हे मी माझ्या सगळ्या लहानपणी ऐकलंय. पण त्या बकरीचं पोट कधी रिकामं नव्हतं.

मी हायस्कुलात असताना ती मेली. उन्हाळ्याची दुपार, आई गोठ्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, तुम्ही सावनेरहून सायकलवर आलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तोंड लालबुंद. आईने मान वर करून विचारलं, "इचं काय होईन हो?" तुम्ही म्हणालात, "शास्त्र ह्याबाबत मौन आहे." आई म्हणाली, "मी तुम्हाले विचारून राहिली. शास्त्राले नाही."   मग तुम्ही दुपट्टा सोडलात, त्या उन्हात उघड्या डोक्याने उभे राहिलात आणि म्हणालात, "ज्याची आहे तो पाहून घेईल." कातडी न्यायला आलेल्या माणसाला तुम्ही परत पाठवलं आणि चर्चच्या भिंतीकडेला स्वतः खड्डा खणला. त्यानंतर तुमच्यापुढचं ताट आवाज न करता ठेवलं जाऊ लागलं, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

तर आई मला म्हणाली, "बकरी त्याची होती, म्हणून तुह्या बापाले भेव नव्हतं. हे तं कोणाचीच नाही. मी गेली का ते ना इथं कोणाची, ना तिथं."

"मी आहे ना. मी नाही का बघणार तिला?"

"तू जगशील तोवर पाहशील. मंग?"

 आई उशीवर टेकली आणि म्हणाली, येत्या हार्वेस्टले मी तिले देवाले देतो.

पाळकाला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो फार हळुवारपणे म्हणाला की आजी, बकरी, कोंबडी ठीक आहे, पण कुत्रं जरा अवघड आहे. जुन्या नियमशास्त्रात असं आहे की कुत्र्याची किंमत देवाच्या घरात आणू नये. म्हणजे तिथे कुत्रा या शब्दाचा अर्थ वेगळा लावतात, पण आपल्या पंच कमिटीला मी अर्थ कुठे समजावत बसू? लिलावात कुत्री उभी केली तर लोक बोलतील.

"किंमत आणू नये म्हणते ना शास्त्र?"

"हो."

"मंग किंमत नका लावू. लिलाव नको. तशीच घ्या."

तो तोंड उघडं ठेवून बसला. इतकी वर्षं तुमच्या उपदेशांची तालीम स्वयंपाकघरात ऐकलेली बाई ती, तिच्याशी वचनावर वचन लावणं सोपं नव्हतं. "पण आजी," तो म्हणाला, "मग ठेवायची कुठे?"

"ज्याले दिली त्याच्या घरी. तुम्ही राहता ना तिथंच."

हे मात्र मलाही नवीन होतं. मी धरून चालले होते की प्रार्थना होईल आणि बकरीसारखी कुत्री परत घरी येईल. म्हणजे ही खरंच देणार होती. रोज जिच्या पाठीवर पाय टेकवून ती झोपत होती, तीच. मी पाळक गेल्यावर तिच्याशी भांडले. म्हटलं, थोडे दिवस उरलेत, ते तरी तिच्या सोबतीने काढ. ती म्हणाली, थोडे उरले म्हणूनच तं. आणि भांडणाच्या मधेच तिला धाप लागली, म्हणून मी गप्प बसले.

हार्वेस्टच्या सकाळी थंडी होती. ऑटोवाला कुत्री पाहून म्हणाला, "हे नाही जमत बाई, सीट खराब होते." आई शालीतून म्हणाली, "बाप्पा, हे कुत्रं नाही, हे अर्पण होय." त्याला काय समजलं देव जाणे, त्याने सीटवर पोतं अंथरलं. आमच्या नागपूरच्या मंडळीचं पीक तुम्ही पाहिलं असतं तर हसला असतात. शेती कोणाचीच उरली नाही. कॉटन मार्केटमधून आणलेली फुलकोबी, संत्र्यांच्या थैल्या, बिस्किटांचे पुडे, एका घराने तर नवीन कुकर ठेवला होता. आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर पोर्चमध्ये बसवलं, कारण पंचांनी कुत्रीला आत नेऊ दिलं नाही, आणि कुत्री आत नाही तर मीही नाही, असं आईने कळवलं. उपासना चालू होती तेव्हा आम्ही तिघी बाहेर. कुत्री आईच्या चपलेवर हनुवटी टेकून. मला त्या बाहेर बसण्याचा राग येत होता आणि आई मात्र आतल्या गाण्यावर मान डोलवत होती.

आतल्या अर्पणांची प्रार्थना झाली आणि मग पाळक व्यासपीठावरून उतरला, मधल्या वाटेने चालत आला, पांढऱ्या झग्यात, पोर्चमध्ये. मागून अख्खी मंडळी माना उंच करून बघत होती. तो गुडघे टेकून खाली बसला. कुत्रीने त्याची बाही हुंगली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली, तुमच्यासारखी लांब नाही, अगदी लहान: प्रभू, हिला तूच निर्माण केलंस. ही तुझीच तुला देतो. पुढचं आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. आईचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. तिने दोरी त्याच्या हातात दिली, आणि मग तिचा हात तसाच उघडा मांडीवर पडून राहिला. मी रडले, पप्पा. सगळ्या गायकवृंदासमोर, नाक वाहेपर्यंत. ऑटो निघाला तेव्हा मागून कुत्रीचा आवाज आला आणि मी वळले, तर आई म्हणाली, "मागं नको पाहू. लोटाच्या बायकोवानी मिठाचा खांब होशील."

पुढचे दिवस वाईट गेले. झोपेत आईचा पाय खाली काहीतरी शोधायचा आणि गारठलेल्या फरशीला लागून परत वर जायचा. मी तिथे उशी ठेवून पाहिली, तिने ती लाथेने सरकवली.  मग एका दुपारी फाटकाशी स्कूटर थांबली. पाळक होता, हातात पेटी, आणि स्कूटरच्या पायठेवणीवर, त्याच्या दोन पायांच्या मधे, दुमडलेल्या कानाची बाई बसलेली. "मंडळीच्या भेटींना निघालो की ही आधी चढून बसते," तो म्हणाला, "उतरतच नाही. आजारी लोक खुश होतात तिला पाहून. मग म्हटलं, येऊ दे." आईने तिला बोलावलं नाही. शिस्तीत म्हणाली, "तुमची कुत्री आहे, सांभाळा." कुत्रीला ही शिस्त कोणी शिकवली नव्हती. ती सरळ खाटेपाशी गेली आणि आपल्या जागी पसरली. आईने पाय खाली सोडला. मग पाळकाकडे पाहून म्हणाली, "आणा आता ते."

तिने भाकरी घेतली, पेला घेतला. पाळकाने प्रार्थना केली, तीच, तुझी इच्छा पूर्ण होवो. या वेळी मी दुधाकडे गेले नाही. तिथेच उभी राहिले आणि आमेन म्हटलं. आईने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

ती नाताळाच्या आधी गेली, सकाळची, न्याहारी करून टेकलेली असताना. मी करंज्यांचं सारण परतत होते. आदल्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो होतो. मी विचारलं, आई, तुला खरंच वाटतं की तिथे बकरी असेल? ती म्हणाली, "तुह्या बापाच्या आधी तेच येईन मले पाहायले. तो तं कोणाशी तरी बोलत उभा असन." हे सांगताना ती इतकी मजेत होती की मीही मान्य करून टाकलं. खोटं मान्य केलं असं समजू नका. मी नंतर फार विचार केलाय यावर. प्रलयातल्या तारवात माणसं मोजकी होती आणि जनावरंच फार. निनवे शहरावर दया करताना देवाने तिथली गुरंही हिशेबात धरली. एका संदेष्ट्याला देवाचा जो दूत दिसला नाही तो त्याच्या गाढवीला दिसला. याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं, मी आयुष्यभर पोरांना पुरावा म्हणजे काय ते शिकवलंय. पण ज्याला इतकी जनावरं बघायला वेळ होता, तो त्यांतली एकही शेवटाला नेणार नाही, हे मानायला मला आता जड जातं. मला खात्री नाही. आशा आहे, आणि ती चांगली धडधाकट आहे.

कुत्री पाळकाकडेच असते. जरा जाड झालीय. रविवारी पोर्चमध्ये पडलेली असते, पंच आता तिला ओलांडून जातात. उपासनेनंतर ती माझी बोटं हुंगते, मी तिच्याशी दोन शब्द बोलते आणि तिला तिथेच सोडून घरी येते, कारण ती माझी नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, म्हणून एक सांगून ठेवते. मी आमेन म्हटलं ते मनापासून म्हटलं. दिल्यावर परत मागायचं नसतं, हेही मला पाठ आहे. पण पप्पा, सकाळी चहा ठेवताना माझ्या हातून दोघींचं पाणी पडतं, आणि मग तिथे ओट्याशी उभी राहून मी आईला परत मागते. रोज मागते.